ज्याचा पैसा त्यास हिशेब

पुण्याच्या सार्वजनिक सभेचे नाव निघाले की स्वदेशीचा पुरस्कार, दुष्काळातील पाहण्या आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने निघालेले त्रैमासिक या गोष्टी आपणांस आठवतात. परंतु ही सभा ज्या निमित्ताने जन्मास आली ते निमित्त एका देवस्थानाच्या कारभाराचे होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी राहिलेली नाही. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी शहरात असंतोष माजला होता. देवाच्या नावाने येणाऱ्या उत्पन्नाचा विनियोग कसा होतो हे विचारावे असे पुष्कळांस वाटत होते. आणि विचारणाराच्या अंगी तसा अधिकार कोठून यावा, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा ज्यांच्या वतीने विचारावयाचे त्यांच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र घ्यावे, अशी कल्पना पुढे आली. पुढे ज्यांना महाराष्ट्राने सार्वजनिक काका म्हणून ओळखले त्या गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, तेव्हा सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ प्रतिनिधी तिच्यात बसले. निवडून आलेली विधिमंडळे ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती त्या काळी, एका टेकडीवरील देवळाच्या जमाखर्चावरून, प्रतिनिधित्वाचे तत्त्व या शहरात उभे राहिले. लोकांनी आधी हिशेब मागितला. राज्यकारभारात वाटा मागण्याचे धैर्य त्यांस मागाहून आले. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

प्रस्तुत ग्रंथ जनतेच्या पैशाच्या हिशेबाविषयी आहे. हा हिशेब कोणत्या वह्यांत लिहिला जातो, कोणत्या लेखाशीर्षाखाली कोणती रक्कम पडते, तो कोण तपासतो, आक्षेप कसे निघतात आणि कसे निकालात काढले जातात, या सर्व गोष्टींचे इतके साद्यंत आणि इतके सुबोध विवेचन मराठीत एकत्र मिळणे ही मोठी सोय आहे. ग्रंथकर्ते माझे जुने स्नेही असून आम्ही दोघांनीही उमेदीची वर्षे लेखापरीक्षेच्या कामात घालविली. त्यामुळे त्यांनी प्रस्तावनेसाठी मला गळ घातली तेव्हा नकार देणे शक्य नव्हते. कौटिल्याने सांगितलेल्या अपहाराच्या ४० प्रकारांपासून संगणकावरील आजच्या नोंदींपर्यंत सारा पट त्यांनी स्वतःच उलगडला असल्याने मी त्यात शिरत नाही. मात्र हस्तलिखित वाचून खाली ठेवताना एक गोष्ट मनात सलत राहिली. हिशेब लिहिणे आणि हिशेब देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ग्रंथाचा नऊदशांश भाग पहिल्या क्रियेस वाहिलेला आहे, आणि आपल्या राज्यव्यवस्थेनेही आपली बहुतेक शक्ती त्याच क्रियेवर खर्च केलेली आहे. म्हणून या प्रस्तावनेपुरते मी दुसऱ्या क्रियेविषयी बोलावे असे ठरविले.

जबाबदारी हा शब्द आपण इतका झिजवला आहे की त्याच्या पोटातला जबाब आता कोणास ऐकू येत नाही. ज्याच्याकडून जबाब मागता येतो तो जबाबदार. आणि जबाब मागणारे माणूस समोर नसेल तर जबाबदारी हा नुसता ध्वनी उरतो. नोकरीत असताना मी अशी कित्येक दप्तरे पाहिली की ज्यांतील प्रत्येक रकान्याची बेरीज पैशापर्यंत जुळत होती, प्रत्येक प्रमाणकास क्रमांक होता, मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक चरीची लांबी, रुंदी आणि खोली नोंदलेली होती, आणि तरीही ज्या गावासाठी ती चर खणली त्या गावातील एकाही माणसास ती कोठे आहे हे सांगता येत नव्हते. असा हिशेब लिहिलेला असतो, तपासलेलाही असतो. तो दिलेला मात्र नसतो.

आपल्या प्रदेशात हे ज्ञान नवे नव्हे. मराठेशाहीत महालावर नेमलेल्या कमाविसदारास वर्षारंभी बेहडा मिळे, म्हणजे त्या महालाची जमा किती आणि मंजूर खर्च किती याचा अंदाज हुजुरातून त्याच्या हाती पडे; वर्षअखेरीस त्याने तपशीलवार हिशेब सादर करावयाचा, आणि त्या हिशेबास झडती असे म्हणत. आज झडती म्हटले की पोलिसांनी घराची केलेली तपासणी तेवढी डोळ्यांपुढे येते. परंतु पेशव्यांच्या दफ्तरात झडती अधिकारी स्वतःच आपल्या कारभाराची देत असे, त्यासाठी कोणी दारात येण्याची वाट पाहत नसे. कमाविसदाराबरोबर मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरकदार असत, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार कमाविसदारास नसे, कारण त्यांची नेमणूक हुजुरातून झालेली असे. याखेरीज परगण्यापरगण्यांचे देशमुख आणि देशपांडे आपली वतनी दप्तरे स्वतंत्रपणे ठेवीत. त्यामुळे कमाविसदाराच्या झडतीची रुजुवात त्याच्या हाताखाली नसलेल्या माणसांच्या कागदांशी घालता येत असे. पुण्यात एकबेरीज दफ्तरात या साऱ्यांचे गोषवारे एकत्र होत, आणि नाना फडणीसाच्या अमदानीत त्या दफ्तराची शिस्त कळसास पोहोचली होती.

या व्यवस्थेचे गुणगान करण्यासाठी मी तिचा उल्लेख केलेला नाही. ती रयतेस उत्तर देत नव्हती; ती धन्यास उत्तर देत होती, आणि हा भेद लहान नाही. तरीही तिचा शेवट कसा झाला हे पाहणे उद्बोधक आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात पडला. जो अधिक रकमेची बोली करील त्यास महाल मिळे, ठरलेली रक्कम हुजुरात भरली की त्याचे काम संपे, आणि त्या रकमेपलीकडे त्याने रयतेकडून काय आणि कसे वसूल केले हे विचारण्याचे धन्यास कारणच उरले नाही. मग झडती कशाला हवी? वाचणाराची गरज संपली तसे दफ्तरही ढासळले. लेखणी, कागद, कारकून, मोडीचे वळण सारे पूर्वीसारखेच होते. ज्याने तो कागद वाचावयाचा तो मात्र उठून गेला होता. पुण्यातील पुरालेखागारात त्या दफ्तराचे हजारो रुमाल आजही बांधून ठेवलेले आहेत, आणि रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड निवडून प्रसिद्ध केले. ते चाळताना आरंभीच्या आणि अखेरच्या कागदांतील हा फरक जाणत्या वाचकास जाणवल्यावाचून राहत नाही.

इंग्रजांचे राज्य आले आणि धनी बदलला. हिशेब आता लंडनकडे जाऊ लागला. तो विलक्षण काटेकोर होता हे कोणी नाकारणार नाही. परंतु ज्यांच्या मिठावरील कराने खजिना भरत होता त्यांस तो वाचण्याचे प्रयोजन आहे, असे राज्यकर्त्यांस वाटत नव्हते. या ठिकाणी मला गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण सरकारी हिशेबाचा वाचक कसा असावा याचे त्यांच्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत आणि गणित हा त्यांच्या अध्यापनाचा एक विषय होता. १८९७ साली, तिशी गाठलेल्या वयात, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी लंडनमध्ये साक्ष दिली; दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या मंडळातील हिंदी सभासदांस अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नव्हता. १८९२ च्या कायद्याने त्यांना त्यावर केवळ चर्चा करण्याची मुभा मिळाली होती. अर्थसचिव सर एडवर्ड लॉ यांनी ७ कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती. लागोपाठचे दोन भीषण दुष्काळ आणि प्लेग यांनी देश खिळखिळा झालेला असताना खजिन्यात एवढी रक्कम उरावी, ही सरकारला अभिनंदनाची गोष्ट वाटत होती. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला आणि ही शिल्लक आली कोठून, हा एकच प्रश्न धरून ठेवला.

त्यांचे उत्तर असे होते. पूर्वी रुपयाचा भाव उतरत गेला, विलायतेस पौंडांत पाठवावयाच्या रकमेसाठी अधिकाधिक रुपये लागू लागले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले. मिठावरील कर १८८८ साली मणास २ रुपयांवरून अडीच रुपये झाला तो त्याच ओघात. पुढे रुपयाचा भाव १८९४-९५ मधील सुमारे १३ पेन्सांवरून १६ पेन्सांपर्यंत चढला. ज्या कारणास्तव कर वाढविले ते कारण नाहीसे झाले, परंतु कर मात्र जागच्या जागी राहिले. ही शिल्लक देशाच्या भरभराटीची नसून रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची आहे, हे त्यांनी वर्षवार आकडे मांडून दाखविले. ते आकडे सरकारचेच होते. गुप्त कागद त्यांच्या हाती आलेला नव्हता, कोणी फितूर झालेला नव्हता. सर्वांच्या टेबलावर पडलेली विवरणपत्रे त्यांनी अशा रीतीने वाचली, की ज्याने ती लिहिली त्यालाही त्यांचा अर्थ नव्याने कळावा. या कामी त्यांना सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत झाली. हे गृहस्थ व्यवसायाने शिक्षक, मुख्याध्यापक; सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी नावाविना लिहिलेले अर्थविषयक लेख रानड्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास माहीत नव्हते. एका शाळामास्तराने सोलापुरात बसून साम्राज्याच्या जमाखर्चाची रुजुवात घालावी आणि तिचे पडसाद कलकत्त्याच्या सभागृहात उमटावेत, या चित्राचे मला आजही अप्रूप वाटते. १९०३ साली मिठावरील कर २ रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर, आणि १९०७ साली १ रुपयावर. या घटीचे सारे श्रेय एका भाषणास देणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु ज्यास मताचाही अधिकार नव्हता अशा सभासदाच्या वाचनाने सरकारला दरवर्षी उत्तराची तयारी करावी लागली, हे निर्विवाद आहे.

गोखल्यांनंतर या विषयाचा महाराष्ट्रातील सर्वांत समर्थ अभ्यासक म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले पाहिजे. त्यांच्या इतर कार्याच्या तेजाने त्यांचे अर्थशास्त्रीय लेखन झाकोळून गेले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यास त्यांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना होती. १८३३ च्या सनदेच्या कायद्याने सारी आर्थिक सत्ता कलकत्त्यास एकवटली तेव्हा काय घडले, याचे त्या ग्रंथातील विवेचन आजच्या जिल्हा परिषदेच्या कोणत्याही सदस्याने वाचण्याजोगे आहे. खर्च करणाऱ्या प्रांतावर पैसा उभारण्याचा भार नव्हता, आणि पैसा उभारणाऱ्या केंद्रास खर्चाच्या जागेची प्रत्यक्ष ओळख नव्हती. अशा स्थितीत प्रांतांनी अधिकाधिक मागावे आणि केंद्राने कमीअधिक कापावे, एवढेच चालू राहते. काटकसर करणाऱ्यास तिचे फळ मिळत नाही आणि उधळपट्टी करणाऱ्यास तिची झळ लागत नाही. १८७० साली लॉर्ड मेयोने प्रांतांकडे काही खाती ठराविक रकमेसह सोपवून या कोंडीस पहिली फट पाडली. योजनावार अनुदानांवर जगणाऱ्या आपल्या स्थानिक संस्थांचे चित्र याहून फार निराळे आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

याच अभ्यासकाच्या हातून पुढे संविधानाचा मसुदा सिद्ध झाला, आणि १९४९ साली संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाविषयी बोलताना हा अधिकारी बहुधा साऱ्या संविधानातील सर्वांत महत्त्वाचा, न्यायसंस्थेहूनही महत्त्वाचा, असे मत त्यांनी व्यक्त केले. अनुच्छेद १४८ ने या पदास जे संरक्षण दिले ते सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या तोडीचे आहे. राज्याचे लेखे राज्य सरकार स्वतः संकलित करीत नाही. मुंबई आणि नागपूर येथील महालेखाकारांची कार्यालये कोषागारांतून आलेल्या प्रमाणकांवरून ते तयार करतात. वित्त लेखे आणि विनियोजन लेखे असे दोन ग्रंथ दरवर्षी निघतात. विधिमंडळाने कोणत्या कामासाठी किती दिले आणि प्रत्यक्षात किती उचलले गेले, हे दुसऱ्यात पाहावयास मिळते. अनुच्छेद १५१ प्रमाणे लेखापरीक्षेचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि ते विधिमंडळापुढे ठेवविले जातात. येथवर यंत्र निर्दोष आहे. परंतु किती दिवसांत ठेवावयाचे हे त्या अनुच्छेदात कोठेही म्हटलेले नाही. या एका मौनातून पुष्कळ अनर्थ झाला आहे. अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी सभागृहात येतात. सभासद गावी जाण्याच्या घाईत असतात, वृत्तपत्रांत दोन दिवस मथळे झळकतात, आणि मग तो ग्रंथ लोकलेखा समितीच्या रांगेत जाऊन बसतो, जेथे त्याच्यापुढे आधीच कैक वर्षांचे परिच्छेद उभे असतात.

ज्यांनी सरकारी लेखे कधी पाहिले नाहीत त्या वाचकांसाठी त्यांच्या स्वभावाविषयी दोन शब्द येथे लिहिणे अवश्य आहे, कारण हा भाग ग्रंथात योग्य स्थळी असला तरी घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल. आपले सरकार रोख पद्धतीने हिशेब लिहिते. पैसा ज्या दिवशी खजिन्यातून निघाला त्या दिवशी खर्च झाला असे मानले जाते. म्हणून रस्ता बांधून झाला पण ठेकेदाराचे देयक थकले, तर ते देणे त्या वर्षीच्या खर्चात कोठे दिसत नाही. आणि उलट, शासनाने जिल्हा परिषदेस अनुदान वर्ग केले की एक वीटही रचली गेली नसताना राज्याच्या लेख्यांत तो खर्च पूर्ण होतो. मग वर्षभर मंदगतीने वाहणारा पैसा मार्चअखेर लोंढ्यासारखा का धावतो, हे कळावयास कठीण नाही. ३१ मार्चच्या रात्री कोषागारांत दिवे जळत असतात, देयकांचे गठ्ठे येत असतात, आणि जी रक्कम मध्यरात्रीनंतर व्यपगत व्हावयाची ती स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात उघडलेल्या ठेव खात्यात, किंवा एखाद्या बँकेतील खात्यात जाऊन विसावते. विनियोजन लेख्यांत तरतूद खर्ची पडलेली दिसते. दवाखान्याच्या इमारतीस मात्र अजून जागा मिळालेली नसते. या पैशाचे पुढे काय झाले हे सांगणारा कागद म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. आणि वर्षानुवर्षे प्रलंबित असलेल्या या प्रमाणपत्रांविषयीचा परिच्छेद महालेखापरीक्षकांच्या अहवालांत इतक्या नियमाने येतो की वाचणारे तो उलटून पुढे जाण्यास सरावले आहेत. महानगरपालिका आणि नगरपालिकांनी उपार्जन पद्धतीने, दुहेरी नोंदीने हिशेब ठेवावेत यासाठी २००४ पासून राष्ट्रीय नियमपुस्तिका उपलब्ध आहे. ही सुधारणा आवश्यक आहे आणि ग्रंथकर्त्यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला आहे तो मला मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की ताळेबंद अधिक सत्य झाला तरी तो उघडणारे हात कोणते, या प्रश्नाचे उत्तर पद्धती बदलून मिळत नाही.

हिशेब उघड्यावर वाचला गेला म्हणजे काय होते याचे एक स्मरण मुंबईच्या जुन्या पिढीस अजून असेल. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली जन्मास आले आणि पुढल्याच वर्षी त्याने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांच्या भागांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविले. लोकसभेत फिरोज गांधी यांनी हे प्रकरण उपस्थित केले. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट विसरता कामा नये. चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्याकडे आले, आणि त्यांनी ती चौकशी जनतेसमक्ष, मुंबईत, अवघ्या २४ दिवसांत पुरी केली. विमेदारांच्या पैशाचे काय झाले हे ऐकावयास लोकांनी गर्दी केली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही असा निष्कर्ष निघाला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. ज्यांनी हप्ते भरले होते ते लोक त्या दालनात बसलेले होते. अधिकाऱ्यांच्या प्रत्येक उत्तरास श्रोता होता. त्यानंतर आपल्या देशात चौकशी आयोग पुष्कळ झाले. त्यांपैकी किती आयोगांचे अहवाल त्या विषयाची आठवण शिल्लक असताना हाती आले, हे वाचकांनी स्वतःच्या स्मरणास विचारावे.

आता गावाकडे येतो. कारण या ग्रंथाचे खरे वाचक तेथे आहेत. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस संविधानात स्थान मिळाले. आज वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. त्याची रोकड ज्या वहीत चढते ती नमुना ५; घरावरील कराची आकारणी नमुना ८ मध्ये; आणि कर भरला की जी पावती हाती पडते ती नमुना १०. असे एकूण ३३ नमुने आहेत. नमुना ८ चा उतारा गावातील प्रत्येक घरमालकास ठाऊक असतो, कारण कर्जाला, वीजजोडणीला, वारसनोंदीला तो लागतो. नमुना ५ गावातील कोणी पाहिलेला नसतो. स्वतःच्या घराचा कागद लोक हट्टाने मागून घेतात, पण सर्वांच्या मिळून असलेल्या पैशाच्या वहीकडे पाठ फिरवितात; आणि यास केवळ लोकांची उदासीनता कारण नाही. ज्या ग्रामसभेत वार्षिक जमाखर्च ठेवावयाचा ती कोरमाअभावी तहकूब होते, तहकूब सभेस कोरमाचे बंधन नसते, आणि तेथे जमाखर्च वाचून मंजूर झाल्याची नोंद इतिवृत्तात पडते. मी तपासलेल्या कित्येक इतिवृत्तांत ही नोंद वर्षानुवर्षे एकाच शब्दरचनेत होती. एका पंचायतीत तर ती एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, तीन वर्षांची सलग लिहिलेली होती. आक्षेप मी लिहिला. त्याचे अनुपालनही यथाकाल आले, आणि त्यात पुढील सभेत काळजी घेतली जाईल असे म्हटले होते. त्या गावातील एकाही माणसास माझा आक्षेप कळला नाही, कारण तो कळविण्याची तरतूद माझ्या कामात नव्हती. आज निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मला त्या आक्षेपाची रुखरुख लागून राहिली आहे.

राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराणा या गावी जी जनसुनावणी घेतली तिचे वर्णन प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या साऱ्या यंत्रणेत काय राहून गेले होते ते उमगले. त्यांनी हजेरीपट आणि देयके मिळविली आणि ती गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचली. बस, एवढेच. अमुक तारखेस अमुक मजूर कामावर होता असे वाचले गेले की तो मजूर उठून उभा राही आणि मी त्या दिवशी कामावर नव्हतो असे सांगे. एखाद्या निष्णात लेखापरीक्षकास महिनाभर दप्तर उलटून जे सिद्ध करता आले नसते ते एका दुपारी सिद्ध झाले. त्या चळवळीतून माहितीच्या अधिकाराची मागणी उभी राहिली. महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा कायदा केला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. आज कागद मागता येतो. मागितलेला कागद वाचता यावा, ही पुढची पायरी. आणि या ग्रंथाचे मोल तेथे आहे. यातील रोकडवहीवरील प्रकरण प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने, विशेषतः आरक्षणामुळे प्रथमच त्या खुर्चीवर बसलेल्या भगिनींनी, सर्वांत आधी वाचावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लेखाशीर्षांची कोष्टके मागाहून पाहिली तरी चालतील.

माझ्या लहानपणी आमच्या गावी चैत्रात ग्रामदैवताची यात्रा भरे. यात्रा संपल्यावर तिसऱ्या दिवशी, रात्री जेवणे आटोपल्यावर, देवळासमोरच्या पारावर कंदील ठेवून वर्गणीचा हिशेब वाचण्याची रीत होती. वाचणारे गृहस्थ गावचे पोस्टमास्तर असत. प्रथम जमा वाचली जाई, नाव आणि रक्कम, मोठ्या आसाम्यांपासून चार आणे देणाऱ्यापर्यंत, मग खर्च. एके वर्षी तमाशाच्या कनातीसाठी आणलेल्या सुंभाची रक्कम वाचली गेली तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या चांभाराने, ज्याची वर्गणी दोन आण्यांची होती, उभे राहून विचारले की एवढे सुंभ कनातीला लागले कसे आणि उरलेले कोठे आहे. कोणी हसले नाही, त्यास कोणी खाली बस म्हणाले नाही. पोस्टमास्तरांनी वही मिटून गुडघ्यावर ठेवली, आपल्या मुलास देवळाच्या ओसरीवर पाठविले, आणि सुंभाचे उरलेले वेटोळे कंदिलाच्या उजेडात आणवून त्या म्हाताऱ्याच्या हाती दिले. त्याने ते हातांनी वावभर वावभर मापून पाहिले, मान डोलावली, आणि पोस्टमास्तरांनी वही पुन्हा उघडून पुढची रक्कम वाचावयास सुरुवात केली.